भोकाला वळसा घालून गेलेल्या भिंती

साताऱ्यात भूविज्ञान शिकवायचं म्हणजे बेसाल्ट शिकवायचा. अजिंक्यतारा घ्या, यवतेश्वर घ्या, हातोडा मारावा तिथे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. जीवाश्म बघायचे तर प्रयोगशाळेचं कपाट उघडायचं.

परवा त्या कपाटातला फेव्होसाइट्स काढला. डेव्होनियन काळातलं पोवळं, म्हणजे निदान ३५ कोटी वर्षं जुनं. मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं, घरागणिक एक जीव. वीस वर्षं हाच नमुना दाखवतेय. आडवे पडदे, भिंतीतली छिद्रं, झालं, पुढचा ट्रे.

कोरेगावहून येणाऱ्या मुलीनं भिंग लावलं. "मॅडम, घरांच्या कोपऱ्यांत ही गोल भोकं कसली? गॅसचे बुडबुडे का?" बेसाल्ट बघून बघून तयार झालेला डोळा! मी 'माती अडकली असेल' म्हणणार होते. तेवढ्यात दिसलं, भोकं तीन-चार घरं मिळतात तिथेच होती, आणि सगळी एकाच मापाची.

नमुना डेड स्टॉक रजिस्टरवरचा, म्हणजे कॉलेजच्या मालमत्तेच्या नोंदीतला, कापायला परवानगी लागते. सुदैवानं एक बाजू विकत आणतानाच कापलेली होती. तिचंच पील, म्हणजे पातळ प्लॅस्टिक शीटवर उमटवलेला ठसा, घ्यायचं ठरवलं. काचेवर कार्बोरंडम पावडर, आधी भरड, मग ६०० नंबरची, मग त्याहून बारीक १०००. प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी तासभर घासलं. त्यांच्यासारखा हात मी भल्याभल्या प्रयोगशाळांत पाहिला नाही. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद, धुवायचं, बोट न लावता वाळवायचं. वर अ‍ॅसिटोन ओतून अ‍ॅसिटेटची शीट एका कडेनं हळूहळू टेकवत न्यायची. घाई केली की हवा अडकते. पहिली तशीच वाया गेली. दुसरी अर्ध्या तासानं सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

भिंती कुठेही कापलेल्या नव्हत्या. भोकाला वळसा घालून गेल्या होत्या. मेलेलं पोवळं कुणी नंतर पोखरलं असतं, तर भिंती आरपार तुटल्या असत्या. म्हणजे पोवळं जिवंत असताना आत कुणीतरी राहत होतं, बहुधा अळीसारखा मऊ जीव, आणि दोघं बरोबरीनं वाढत होते. त्याचं शरीर गेलं, जागा राहिली. अशाच भोकांना जीवाश्मांचे अभ्यासक सोकोलोव्ह यांनी १९४८ मध्ये कीटोसॅल्पिंक्स नाव दिलं. ते निरुपद्रवी सोबती नव्हते, परजीवीच होते, असं पोलंडच्या झापाल्स्की यांनी २००७ मध्ये मांडलं.

मी हे सांगितलं, तर मुलगी म्हणाली, "पण मॅडम, त्यानं पोवळ्याला त्रास दिला हे कशावरून?"

मग सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधल्या मोजपट्टीनं घरं मोजत बसलो. भोकाशेजारची बरीच घरं लहान भरली. मुलं खूश झाली, मीही. रात्री जेवताना आठवलं की फेव्होसाइट्सची नवी घरं कोपऱ्यांतूनच फुटतात, आणि नवं घर लहानच असतं. मग ती खुंटलेली होती की नुसती कोवळी? उभा छेद घेतल्याशिवाय सुटणार नाही. कोवळं घर वर जाताना रुंदावत जाईल, खुंटलेलं अरुंदच राहील.

आणखी एक चीड आहे. पुरवठादाराच्या चिठ्ठीवर फक्त नाव आणि काळ आहे, ठिकाण नाही. जीवाश्माचं गाव पुसून तो विकणाऱ्यांना आपण काय फेकून दिलं ते कळतच नाही, आणि आम्हीही वीस वर्षं विचारलं नाही.

कापण्याच्या परवानगीचा अर्ज दिलाय. 'कारण' या रकान्यात मुलीचा प्रश्न तसाच्या तसा लिहिला. ती रोज दारातून विचारते, "मॅडम, आलं का?"