सुटा ‘वर’

आठवीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. प्रश्नपत्रिका बाहेरून छापून आलेली. ‘शब्दांची जात ओळखा’ या प्रश्नात शब्द नुसते सुटे टाकले होते: वर, उंच, सुका. वाक्यं नाहीतच. बहुतेकांनी ‘वर’पुढे शब्दयोगी अव्यय लिहून टाकलं होतं. उत्तरसूचीतही तेच.

एका मुलीने मात्र बारीक अक्षरात, पार समासात घुसून लिहिलं होतं:

‘खडपावर (म्हणजे समुद्रकाठच्या खडकावर) कालवं असतात’ – शब्दयोगी. ‘पावसाआधी होडी वर ओढतात’ – क्रियाविशेषण. ‘वराकडची माणसं एसटीने आली’ – नाम. बाई, यातला कुठला?

नवरदेवाचा ‘वर’ मुळात वेगळाच शब्द, हे खरं. पण सुटा छापल्यावर ओळखायचा कसा? खडपाला चिकटला की शब्दयोगी, ओढण्याची दिशा सांगायला लागला की क्रियाविशेषण. ‘उंच’चंही तसंच: उंच माड, आणि माड उंच वाढतो.

मला आवडलं ते तिने लिहिलेलं ‘सुका’. ‘सुका बांगडा’ – विशेषण. ‘सुक्याचा भाव वाढला’ – नाम. एरवी ‘सुक्या बांगड्याचा’ म्हणताना प्रत्यय बांगड्याला लागतो. बांगडा गाळला की तो थेट ‘सुका’लाच येऊन चिकटतो आणि विशेषणाचं नाम होतं. हे काही आम्ही वर्गात शिकवलेलं नव्हतं. तिची आई मासळी विकते.

आमची शाळा कवी केशवसुतांच्या मालगुंडपासून फार लांब नाही. त्यामुळे व्याकरणावरून वाद पेटला की कोणीतरी मोरो केशव दामल्यांना मध्ये आणतंच. केशवसुतांचे भाऊ, १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चे कर्ते. त्या दिवशीही आणलं. आमचे ज्येष्ठ सर काही बधले नाहीत.

“उत्तरसूचीबाहेर जाऊ नका, मॅडम. एक तर नीट उत्तर लिहीत नाही आणि वर आपल्यालाच विचारते!”

“सर, हा तुमचा ‘वर’ कोणता?”

खडपावरचा नाही, होडीचा नाही, मांडवातला तर नाहीच. हा ‘शिवाय’ या अर्थाचा. चहा पिणाऱ्या इतिहासाच्या बाईंना ठसकाच लागला. सरही हसले.

“द्या पूर्ण गुण. पण बाकीच्यांचं काय?”

बाकीच्यांनाही दिले. एकच जात लिहिली म्हणून ती चूक थोडीच होती? पुढच्या चाचणीला हा प्रश्न आम्हीच काढणार आहोत, वाक्यांसकट. होडीचं वाक्य मी तिच्याच पेपरातून उचललंय.