बाज उचलायला कोण कोण?

फेब्रुवारी संपत आला की चर्चच्या महिला मंडळाची जाड वही कपाटातून बाहेर निघते. मार्चचा पहिला शुक्रवार म्हणजे जागतिक प्रार्थना दिन. 1927 पासून तो जगभर पाळला जातो आणि दर वर्षी एका वेगळ्या देशातल्या ख्रिस्ती स्त्रिया उपासनेचा क्रम तयार करतात. 2023 ला तैवान, 2024 ला पॅलेस्टाइन, 2025 ला कुक बेटं. तो क्रम मराठीत येतो, त्याच्या झेरॉक्स निघतात आणि गावातल्या सगळ्या मंडळ्यांच्या, म्हणजे वेगवेगळ्या चर्चच्या, बाया एका चर्चमध्ये जमतात. यंदा यांच्याकडे, पुढच्या वर्षी त्यांच्याकडे. एरवी वर्षभर एकमेकींच्या उपासनेला न जाणाऱ्या कॅथलिक, मेथडिस्ट, मुक्तिफौज अशा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या बाया त्या दिवशी एका बाकावर दाटीवाटीनं बसतात.

या सभांत 2020 ची सभा वेगळी म्हणून लक्षात राहिली. क्रम झिंबाब्वेच्या स्त्रियांचा होता आणि वचन बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं. अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस तळ्याकाठी पडून आहे; पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होतो, अशी तिथली समजूत. येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायचंय का? तो सरळ हो म्हणत नाही. पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात सोडायला माझं कोणी माणूस नाही, असं तो सांगतो. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातल्या पक्षाघाती माणसाचं याच्या नेमकं उलट. त्याची बाज चौघांनी उचलली होती, आणि दारात गर्दी म्हणून छप्पर उसकून त्यांनी ती खाली सोडली. येशूनं विश्वास पाहिला तो ‘त्यांचा’, असं तिथं लिहिलंय. आजाऱ्याला स्वतःला विश्वास धरायचंही त्राण नसतं, तेव्हा तो चौघांनी धरायचा. सभा झाली 6 मार्चला, आणि 25 मार्चपासून देश बंद. नुसता डबा पोचवायचा तरी किती माणसं लागतात, हे त्या उन्हाळ्यात सगळ्यांनाच कळलं.

सभेतला सगळ्यात लाडका भाग पाकिटांचा. आभाराचं दान पाकिटात घालून वर कारण लिहायचं: ‘ऑपरेशन नीट झालं म्हणून’, ‘सासूबाई चालायला लागल्या म्हणून’, ‘रात्री दवाखान्यात बसणाऱ्या तिघींसाठी’. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एकेक पाकीट वाचतात. इथे एक चूक नेहमी होते. पाकिटं आयत्या वेळी वाटली की बाया घाईनं नुसतं ‘उपकारस्तुती’ लिहून मोकळ्या होतात आणि वाचण्यासारखं काही उरत नाही. पाकिटं आदल्या रविवारीच घरी द्यावीत. वाचण्याआधी कुणीतरी एकदा डोळ्यांखालूनही घालावीत. आजाराचं नाव मोठ्यानं घ्यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. टीबी, एचआयव्ही, मनाचा आजार यांची नावं माईकवर गेली की पुढच्या वर्षी ते घर सभेला येत नाही.

साक्षीला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायला, तीन मिनिटं. घंटा ठेवली तरी लाजेनं कुणी वाजवत नाही, म्हणून ती एखाद्या लहान मुलीच्या हातात द्यावी. तिला भीड नसते.

गाण्यांची तयारी तीन शुक्रवार आधीपासून. नारायण वामन टिळकांची भजनं असतातच. पट्टी आधी ठरवली नाही तर फजिती होते. बायकांना काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) सोयीची, पण मागच्या बाकावरचे पाळक आणि पेटीवाले काका अंतऱ्याला वर पोचत नाहीत आणि धृपदाला गप्प होतात. सभा बायकांची आहे, तेव्हा काळी चारच धरावी. काकांनी खालच्या सप्तकात म्हणावं.

प्रत्येक मंडळात एखादी निवृत्त नर्सबाई असतेच. 1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला सुरू केलेल्या मिशन दवाखान्यासारख्या ठिकाणी मराठी ख्रिस्ती मुलींच्या कितीतरी पिढ्या या कामात घडल्या. आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची वेळ आली की पाळक पुढे असतात, पण हुकूम तिचा चालतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे तेल लावायचं ते कपाळावर, बोटाच्या टोकाएवढं. टाक्यांवर किंवा जखमेवर अजिबात नाही. किमो चालू असलेल्यांना पंख्याखाली, गर्दीपासून लांब खुर्ची. सर्दी-खोकला असलेल्या बाईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवायला जाऊ नये, लांबून प्रार्थना करावी. आणि प्रार्थना झाली म्हणून गोळी बंद करायची नाही, हे ती दर वर्षी सांगते, माईक हातात घेऊन.

तिच्याच वहीत वर्षभराच्या पाळ्या असतात. सकाळ, दुपार, रात्र. रात्रीला शक्यतो आजाऱ्याच्या घरचं माणूस नको, त्याला झोप हवी. रक्त देणाऱ्यांच्या नावापुढे मागच्या वेळची तारीख लिहिलेली असते, कारण पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने थांबावं लागतं. शिवाय हिमोग्लोबिन 12.5 लागतं. निम्म्या बाया तिथंच परत फिरतात, म्हणून चौघांची गरज असेल तर आठजणांना निरोप द्यायचा. वॉर्डात प्रार्थना पाच मिनिटं आणि हळू आवाजात. शेजारच्या कॉटवरच्या माणसाची झोप आपल्या भक्तीपायी मोडू नये. पण त्यालाही विचारावं, तुमच्यासाठी करू का? बरेचजण, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, हो म्हणतात.

सभेनंतर चहा. शंभर कपांना सहा लिटर दूध, चार लिटर पाणी, पाव किलो पावडर आणि किलोभर साखर. आलं आधी पाण्यात चांगलं उकळू द्यावं. कच्चं आलं दुधात पडलं की सगळा चहा फाटतो, आणि तो फाटतो नेमका पाहुण्या मंडळ्या बसलेल्या असताना. मधुमेहवाल्यांचा चहा साखर घालण्याआधीच वेगळा काढावा. बहुधा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू असतो, तेव्हा मटण नाही, मसालेभात. शंभरजणांना नऊ किलो तांदूळ पुरतो. ऑपरेशनमधून उठलेल्यांसाठी मुगाची मऊ खिचडी, बिनतिखटाची.

पानं आटोपली की मागच्या टेबलावर वर्षभरात दवाखान्यात गेलेले आणि तिथून भलत्याच घरी पोचलेले डबे मांडतात. ज्यांनी चिकटपट्टीवर नाव लिहिलं होतं त्यांना डबा लगेच सापडतो. बाकीच्या झाकणं लावून बघत उभ्या राहतात. हे बसत नाही, ते सैल होतंय, अगं हा तर तुझा, आमच्या आईच्या वेळी आणलेलास तो.