माझा अनुभव: फ्री-फॉल लाइफबोटीत बसलो तेव्हा

आमच्या पवनी तालुक्यातली काही पोरं जीपी रेटिंगचा, म्हणजे व्यापारी जहाजावरच्या खलाशाच्या प्रशिक्षणाचा, फॉर्म भरायच्या तयारीत आहेत. भेटेल तो मला एकच विचारतो, "दादा, त्या बोटीत बसून वरून खाली पडा लागते म्हणे?" मोबाइलवर सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय. जहाजाच्या मागच्या टोकाला तिरकी ठेवलेली केशरी, बंद बोट, म्हणजे जहाज बुडताना जीव वाचवणारी फ्री-फॉल लाइफबोट, सुटते, नाकानं पाण्यात घुसते आणि बरीच पुढे जाऊन वर येते. हो, तसंच पडावं लागतं. मी पडलोय, म्हणून नीट सांगतो.

आम्ही ढिवर. बाबांचं आयुष्य वैनगंगेत जाळं टाकण्यात गेलं आणि मी पोहायला शिकलो ते मालगुजारी तलावात. पाण्याची सवय होती, पण उंचीवरून पडायची कोणाला असते? दहावीनंतर डीजी शिपिंगनं (जहाज वाहतुकीचं सरकारी खातं) मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे तपासणी, त्यात रंग ओळखायची चाचणी, मग सहा महिन्यांचं निवासी प्रशिक्षण, इंडोस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक), सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक). हा भाग सगळ्यांचा सारखाच असतो. एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. मला एका एजंटनं जहाजावर लावून देण्यासाठी भलीमोठी रक्कम मागितली होती. दिली नाही, तेच बरं झालं. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो आणि नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला मनाई आहे. घरची धानाची बांधी विकून असल्या माणसाच्या हाती पैसे देऊ नका.

मला मिळालं ते बल्क कॅरियर, म्हणजे कोळसा, धान्य, खनिज असा सुटा माल वाहणारं जहाज. त्यावर अशी बोट का, हे तुमसरकडच्या माणसाला लवकर समजेल. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतल्या मँगनीजचा ट्रक अर्धा रिकामा दिसतो, तरी चाकं दबलेली असतात. लोहखनिज भरलेल्या जहाजाचंही तसंच असतं. वरून जागा मोकळी दिसते, पण वजन पुरतं भरलेलं असतं. पाणी आत शिरलं की असं जहाज फार लवकर बुडू शकतं. सप्टेंबर 1980 मध्ये डर्बीशायर नावाचं मोठं ब्रिटिश जहाज लोहखनिज घेऊन जपानकडे जाताना वादळात बुडालं. जहाजावरच्या 44 जणांपैकी एकही वाचला नाही. त्याच वर्षी 27 मार्चला उत्तर समुद्रात अलेक्झांडर किलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला आणि 123 माणसं गेली. तिथे दोरांनी खाली सोडलेल्या काही बोटी पाण्याजवळ पोचूनही हुकातून सुटल्या नाहीत. मागच्या टोकावरून थेट पाण्यात पडून जहाजापासून लांब जाणाऱ्या बोटीला दोरानं उतरवायची गरजच नसते. 1 जुलै 2006 नंतर बांधलेल्या बल्क कॅरियरवर अशी बोट सोलास, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय, नियमांनी सक्तीची आहे.

जहाज सोडून जाण्याची ड्रिल, म्हणजे सराव, दर महिन्याला होत असली तरी प्रत्येक वेळी बोट पाडत नाहीत. दर तीन महिन्यांनी आत बसून, पट्टे बांधून, सोडण्याची सगळी कृती शेवटच्या टप्प्यापर्यंत करायची. सहा महिन्यांतून एकदा खरोखर सोडायची, नाहीतर वायर लावून सुटल्याचा सराव करायचा. खरी सोडतात तेव्हाही आत फक्त ती चालवायला लागतील तेवढीच माणसं असतात. त्या वेळी जहाज नांगरावर होतं, समुद्र शांत होता आणि थर्ड ऑफिसरनं माझं नाव घेतलं.

आत शिरायचं ते बोटीच्या मागच्या दारानं. बोट नाक खाली करून उभी असते, त्यामुळे पॅसेज म्हणजे जिनाच. शिटं सगळी मागे तोंड करून. बसलं की आपलं तोंड दाराकडे आणि पाठ समुद्राकडे. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण पाण्याचा दणका सगळ्या पाठीवर पसरतो. फक्त बोट चालवणारा पुढे तोंड करून वरच्या काचेच्या खोपटीत बसतो. खिशातलं सगळं काढून ठेवलं. कमरेचा पट्टा आधी ओढला, मग खांद्यांचे. थर्ड ऑफिसर प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून बघत होता. माझ्या खांद्याच्या पट्ट्याखाली त्याची दोन बोटं गेली तर त्यानं परत आवळायला लावला. पट्टा सैल असेल तर अंग आधी उचललं जातं आणि मग शिटावर आपटतं. इजा होते ती तेव्हा. डोकं मागे टेकवायचं, जीभ दातांत येऊ द्यायची नाही.

बाहेरची कामं त्याआधीच झाली होती. बॅटरीची चार्जिंग केबल काढली, बोट अडकवून ठेवणारी वायर सोडली, मागे पाण्यात कोणी नाही हे बघितलं. मग दार बंद, इंजिन चालू, रडर (सुकाणू) मधोमध. सोडायचा हातपंप आतच असतो, बाहेरून कोणाला बोट सोडता येत नाही. पंपाचा दांडा वरखाली होत राहिला, कट-कट-कट. माझी सगळी भीती त्या आवाजात होती, पुढच्या पडण्यात फारशी नव्हती. खटका बसला आणि पाठीखालची जमीन गेली. घसरण, मग एकदम वजनच नाही, मग पाठीवर एक मोठा, सपाट दणका. खिडक्या हिरव्या झाल्या, पांढऱ्या झाल्या, आणि उजेड आला. काही सेकंदांत सगळं आटोपलं. बोट आपल्याच वेगानं जहाजापासून लांब निघाली होती. इंजिन बंद पडलं असतं तरी निघाली असती. थर्ड ऑफिसरनं प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारली, सगळ्यांनी ओ दिली, आणि मला लहान पोरासारखं हसू फुटलं.

सुट्टीत घरी हे सांगत होतो. आईनं अर्ध्यातच कानावर हात ठेवले. बाबा जाळ्याची शिवण करत ऐकत होते. त्यांनी विचारलं, "पडली ते ठीक आहे. वरतं कशी नेता मंग?"

खरं अवघड काम ते आहेच. जहाजाच्या मागे लाट बोटीला वर उचलते आणि खाली टाकते, वरून डेव्हिटचा, म्हणजे बोट उचलणाऱ्या क्रेनचा, जड हुक लोंबकळत असतो, आणि बोटीवर उभं राहून त्यात स्लिंग, म्हणजे बोट उचलायचा पट्टा, अडकवायची असते. हाताची बोटं चिरडायला क्षणही लागत नाही. बाबांना मी हातवारे करून दाखवलं. ते म्हणाले, "लाट वर येते तवाच अडकवा लागते. खाली जाताना दोर खेचते, हात जाते. आन् एकाले फक्त लाटेकडे पाहाले ठेवा."

आम्ही तसंच केलं होतं. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, फक्त लाटेकडे बघत होता आणि तो 'आता' म्हणाला की आम्ही दोघं स्लिंग चढवत होतो. पहिल्यांदा निसटली, पुढच्या लाटेला बसली. जहाजावरच्या माणसानं लगेच दोर ताणला, बोट पाण्यातून निघाली आणि रॅम्पवर चढली. त्यानंतर अडकवायची वायर परत लावली, चार्जिंग केबल जोडली, गोड्या पाण्यानं इंजिनाची कूलिंग लाइन धुतली, डिझेल भरलं आणि थर्ड ऑफिसरनं लॉगबुकात नोंद केली.

आता माझी बारा महिन्यांची समुद्रसेवा पुरी झालीय, म्हणून पुढच्या महिन्यात पीएससीआरबी, म्हणजे लाइफबोट हाताळण्याच्या, कोर्सला जाणार आहे. लाइफबोटीची जबाबदारी घ्यायची तर तो लागतो. तिथे पंपाचा दांडा माझ्या हातात येईल.