पश्चिमेची भिंत

नागपूरच्या प्रतापनगरातील आमचे घर १९८७ सालचे. त्याची पश्चिमेची भिंत साध्या लाल विटांची, ९ इंची, आणि आईची खोली नेमकी तिला लागून. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. एरवीही मे अखेरच्या नवतपात ४५ अंशांचे येथे कोणाला नवल वाटत नाही. आमचा खरा त्रास मात्र रात्रीचा होता. विटेत शिरलेली दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोहोचायला सहा-सात तास घेते, त्यामुळे दहा वाजता भिंतीला हात लावला तर ती तव्यासारखी लागे आणि कूलर सुरू असूनही आई पलंग हातभर अलीकडे ओढून झोपत असे.

गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघराचे काम काढले, तेव्हा या भिंतीचेही करायचे ठरवले. आतून इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, लावणे स्वस्त पडते, परांची बांधावी लागत नाही. पण मग वीट उन्हात तापतच राहते आणि खोलीही लहान होते. म्हणून बाहेरून ५० मिमी जाडीची एक्सपीएस (कडक फोमची) शीट आणि तिच्यावर सिमेंट फायबर बोर्ड अशी रचना मी पसंत केली. ही दोन इंची शीट उष्णता अडवण्यात मीटरभर जाडीच्या विटेच्या भिंतीलाही मागे टाकते. ती जळू शकते, म्हणून स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टभोवती न जळणारे रॉकवूल (दगडी लोकर) भरून घेतले.

खरी परीक्षा गिलाव्याने घेतली. हातोडीने ठोकत गेल्यावर सज्ज्याच्या वर भद आवाज येऊ लागला आणि तेवढा भाग खरवडताच पांढऱ्या क्षारांनी भरलेला पोपडा अखंड हातात आला. सज्ज्याच्या सांध्यातील भेगेतून पावसाची झड कित्येक वर्षे आत मुरत होती. ठेकेदाराचे म्हणणे, वरून शीट लागणारच आहे, ओल दिसणार नाही. मला ते मुळीच पटले नाही, कारण झाकलेली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ती खोलीच्या बाजूने फुटते. भेग भरून, नवा गिलावा करून आणि त्याला पुरेसे पाणी मारून झाल्यावर मी भिंतीवर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटवला. दोन दिवसांनी त्याच्या आत दवबिंदू जमलेले दिसले. तीन आठवडे थांबल्यावर तो कोरडा निघाला, तेव्हाच शीट लावू दिली.

बोर्डामागे जीआय चॅनेलने (जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी) २५ मिमी पोकळी ठेवली होती. खालून शिरलेली हवा तापून वरून निघून जावी आणि सांध्यांतून आलेले पाणी खाली गळून जावे, हा तिचा उपयोग. एका संध्याकाळी पाहतो तर मिस्त्रींनी खालची फट सिमेंटने बुजवलेली.

"भाऊ, उघडं ठेवलं तर उंदीर शिरतील," ते म्हणाले.

त्यांची काळजी खोटी नव्हती. दुसऱ्या दिवशी ते सिमेंट छन्नीने फोडून काढले आणि खालीवर दोन्हीकडे बारीक स्टीलची जाळी बसवली. खिडकीभोवती ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून लावण्यात आणखी दोन दिवस गेले.

मे महिन्यात आईने पलंग पुन्हा भिंतीला लावला. जूनच्या पहिल्या मोठ्या झडीत मी छत्री घेऊन मागच्या बाजूला गेलो. जाळीतून पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडत होते. आत येऊन सज्ज्याखालच्या भिंतीवर तळहात ठेवला. ती कोरडी होती.