सात वर्षांचे म्हातारे

मेक्सिकोत मातृदिन १० मेलाच, मग वार कुठलाही असो. त्या दिवशी शाळाशाळांतून आयांसाठी नाच बसवतात. इथे केरेतारोत माझ्या लेकाच्या दुसरीच्या वर्गाला यंदा 'दान्सा दे लॉस बिएहितोस' मिळाला, म्हणजे म्हाताऱ्यांचा नाच. मूळचा शेजारच्या मिचोआकान राज्यातला, पात्स्कुआरो सरोवराकाठच्या पुरेपेचा लोकांचा. पांढरे कपडे, रंगीत फितींची हॅट, हातात काठी, तोंडावर सुरकुतलेला हसरा मुखवटा. नाचणारे कण्हत-कुंथत येतात आणि व्हायोलिनने लय वाढवली की लाकडी तळाच्या चपलांचा असा कडकडाट करतात, की बघत राहावं.

तालमीला मदत करायला मी जायचे. वाटलं होतं, बाई आधी पावलं शिकवतील. त्यांनी गृहपाठ दिला: आजी-आजोबा खुर्चीतून कसे उठतात, ते नीट बघून या.

आमच्याकडे इथे कोण आहे? रात्री साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचा चहा चालला होता. "बाबा, जरा उठून दाखवता का?" म्हटलं. सासऱ्यांनी कप खाली ठेवला. आधी पुढे सरकले, डावा हात गुडघ्यावर, उजवा खुर्चीच्या हातावर. "आई गं" म्हणत अर्धे उठले, थांबले, मग उभे राहिले.

"आजोबा, परत!"

चार वेळा उठले. सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, गुडघे सांभाळा."

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येकाने आपापला म्हातारा उठवून दाखवला. एकजण फिसकन हसला, तेव्हा बाईंनी सगळं थांबवलं. म्हणाल्या, "टिंगल नाही करायची. हे थकलेत, पण नाचायला आलेत." मला त्या क्षणी त्या फार आवडल्या.

मग सापातेआदो, म्हणजे टाचा-चवडे आपटणं. पाय मुलं पटकन शिकली. अडचण पाठीची! पाय जोरात चालले की कंबर आपोआप ताठ व्हायची. बाईंनी प्रत्येकाच्या पाठीवर वही ठेवली. वही पडली की पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवडे वह्या पडत होत्या.

१० मेला आम्ही आया पटांगणात खुर्च्यांवर बसलो होतो. कागदाच्या लगद्याचे मुखवटे घातलेली पोरं बाकावर बसलेली; कोण कुणाचं, कळेना. व्हायोलिन सुरू झालं. एक म्हातारा पुढे सरकला, डावा हात गुडघ्यावर ठेवला, अर्धा उठला, थांबला. आणि मुखवट्याआडून मला ऐकू आलं, "आई गं."