ठिबकच्या व्हॉल्व्हचा ड्रायव्हर, नोंद ४ : एरर गेला, सोबत करंटही गेला

ठिबकचा व्हॉल्व्ह उघडबंद करणारं ड्रायव्हर सर्किट मी आधी एनजीस्पाइस या सिम्युलेटरमध्ये चालवून बघतोय. मागच्या नोंदीत गाडी ‘टाइमस्टेप टू स्मॉल’ या एररवर अडली होती, म्हणजे सॉल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या भागाला) वेळेचं पाऊल आणखी बारीक करता येईना. तो एरर गेला. आदर्श स्विच काढून आयआरएलझेड४४एन या मॉसफेटचं (ट्रान्झिस्टर स्विचचं) उत्पादकाचं मॉडेल घातलं आणि एनजीस्पाइसने २५० मिलिसेकंदांचं ट्रान्झियंट (वेळेनुसारचं सिम्युलेशन) एका दमात संपवलं. आदर्श स्विच उघडला की कॉइलचा अर्धा अँपिअर त्याच क्षणी कॉइलला समांतर असलेल्या डायोडकडे वळायला हवा, आणि त्या नोडवर (जोडणीच्या बिंदूवर) कपॅसिटन्स शून्य. डायोडही कोरा, म्हणजे आरएस (अंतर्गत रोध) शून्य, सीजेओ (जंक्शनचा कपॅसिटन्स) शून्य. सॉल्व्हर पाऊल बारीक करत करत शेवटी हात टेकतो. खऱ्या मॉसफेटच्या ड्रेनवर (कॉइलकडच्या पिनेवर) सुमारे ४०० पिकोफॅरड असतातच, त्यामुळे कड्याचा उतार होतो. ज्यांना स्विचच ठेवायचाय त्यांनी ड्रेनवर १०० पिकोफॅरड टाकावेत, डायोडला आरएस ०.०३ आणि सीजेओ १० पिको द्यावं. रिलटोल (हिशोबातल्या त्रुटीची मर्यादा) सैल करणं ही नुसती मलमपट्टी.

आनंद पाचच मिनिटं टिकला. कॉइलचा करंट शून्य, सपाट रेघ. एरर नाही, वॉर्निंग नाही. सर्किट तेच: १२ व्होल्ट, कॉइल २४ ओहम आणि ९० मिलिहेन्री, खाली मॉसफेट, गेटला (चालू-बंद करणाऱ्या पिनेला) १०० ओहम, ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचे ३.३ व्होल्ट. टाइम कॉन्स्टंट (इंडक्टन्स भागिले रोध) ३.७५ मिलिसेकंद, म्हणजे त्याच्या पाचपट, १९ मिलिसेकंदांत करंट ०.५ अँपिअरवर टेकायला हवा.

पहिला संशय ३.३ व्होल्टवर. ईएसपी३२च्या जागी असलेला पल्स १० व्होल्ट केला, तरी शून्यच. दुसरा संशय गेटच्या पुलडाउनवर (गेटला जमिनीकडे ओढणाऱ्या रेझिस्टरवर). नेटलिस्टमध्ये (सर्किटच्या मजकुरी यादीत) ‘१एम’ लिहिलं की एनजीस्पाइस ते १ मिलिओहम धरतं (मेगासाठी ‘मेग’ लिहावं लागतं) आणि गेट थेट जमिनीला जातं. पण इथे १०० के होतं. मग पल्स सोर्सचाच करंट काढला, आणि तिथे चोर सापडला: ३.३ व्होल्टला ३३ मिलिअँपिअर, १० व्होल्टला १०० मिलिअँपिअर. गेट डीसी करंट घेत नाही. हा हिशोब सरळ १०० ओहमचा, म्हणजे त्या रेझिस्टरच्या पलीकडे ग्राउंड आहे. आणि कॉइलचं खालचं टोक कायम १२ व्होल्टवर.

नेटलिस्टमधली एक्सची ओळ (मॉडेल सर्किटला जोडणारी) उघडली: गेट, ड्रेन, सोर्स. टीओ-२२० पॅकेजचा क्रम हाच, म्हणून सिम्बॉलच्या पिना १, २, ३ याच क्रमाने. मॉडेल फाइलच्या डोक्यावर मात्र स्वच्छ लिहिलेलं: नोड १ ड्रेन, नोड २ गेट, नोड ३ सोर्स. कॉइल गेटला लटकली होती, १२ व्होल्टमुळे मॉसफेट कायम चालू, आणि तो ईएसपी३२ची पिन जमिनीला ओढत होता. स्विचिंगच होत नव्हतं, तर एरर येणार कुठून!

दुरुस्ती: कायकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्बॉलच्या प्रॉपर्टीज, सिम्युलेशन मॉडेल, पिन असाइनमेंट्सचा टॅब. आयआयटी मुंबईच्या ईसिम या तशाच सॉफ्टवेअरमध्ये कन्व्हर्टरशी झगडण्यापेक्षा तीन ओळींचं वेष्टण बरं: ‘सबसर्किट जी डी एस’, आत मूळ मॉडेल ‘डी जी एस’ क्रमाने, मग ‘एंड्स’. ते दोन्हीकडे चालतं. आणि कुठलंही नवं मॉडेल आलं की आधी १२ व्होल्ट, २४ ओहम आणि गेटचा ० ते ५ व्होल्ट डीसी स्वीप (व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवत नेणं). आयआरएलझेड १ ते २ व्होल्टदरम्यान जागा व्हायला हवा.

आता ०.५ अँपिअर झकास दिसतो. १एन४००७ हा साधा डायोड लावून बंद व्हायला ११ मिलिसेकंद. हातच्या हिशोबानेही १०.९. डायोडशी उलटा २४ व्होल्टचा झेनर (१एन४७४९ए) सिरीजमध्ये टाकला की १.५ मिलिसेकंद, ड्रेन ३६.७ व्होल्टपर्यंत, मॉसफेट ५५चा आहे, चालतंय. झेनर कायम करायचं ठरलं होतं.

पण हे लिहितानाच वीज मोजली. ६ वॉट, तीन तास ठिबक म्हणजे १८ वॉट-तास, आणि दिंडोरीच्या बागेत बसवायची बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास), कागदावर ८४ वॉट-तास. दोनच व्हॉल्व्ह तीन तास चालले तरी ३६ गेले. त्यापेक्षा व्हॉल्व्ह उघडायला २०० मिलिसेकंद पूर्ण व्होल्टेज, मग तो धरून ठेवायला १ किलोहर्ट्झला ४० टक्के ड्यूटी (प्रत्येक आवर्तनात तेवढाच वेळ चालू). करंट साधारण ०.१८ अँपिअर, रिपल (करंटचा चढउतार) ३४ मिलिअँपिअर, बॅटरीतून जेमतेम ०.९ वॉट. यात बंद काळात करंट फिरत राहायला हवा, म्हणून झेनर बाद, साधा डायोडच. १ किलोहर्ट्झला कॉइल गुणगुणेल. २० किलोहर्ट्झवर गेलो तर १एन४००७ रिकव्हरीला (बंद व्हायला) मंद, तिथे वेगवान यूएफ४००७.

एम. जी. रोडवर आयआरएलझेड मागितला की आयआरएफझेड४४एन हातात ठेवतात, ‘सेमच आहे’ म्हणून. त्याचं थ्रेशोल्ड (चालू व्हायला लागणारं गेट व्होल्टेज) २ ते ४ व्होल्ट, ३.३वर भरवसा नाही. पाकिटावरचं अक्षर वाचूनच पैसे द्या.

पुढच्या फेरीत प्लंजर (व्हॉल्व्हचा सरकणारा दांडा) आत असताना इंडक्टन्स पुन्हा मोजायचाय. ९० हा आकडा प्लंजर बाहेर असतानाचा, आणि होल्डिंगमधल्या रिपलचा हिशोब त्यावरच उभा आहे.