रातांबा फोडणारं यंत्र आणि आमची वाटचाल

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्या खळ्यात रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, हारे उतरायचे आणि आई, काकी, शेजारच्या दोघी-तिघी सकाळपासून फोडायला बसायच्या. फळाचे दोन भाग करायचे, बोटाने बी आणि गर काढायचा, साल बाजूला टाकायची. पाऊस जवळ आला की रात्रीही दिवा लावून काम चालायचं, कारण सोलं, म्हणजे ही साल, वाळायला उन्हं लागतात आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर सगळाच खेळ संपतो. रातांब्याचा रस जहाल आंबट. पेरांना भेगा पडल्या की आत झोंबतो. आईच्या नखांतला काळेपणा आषाढ आला तरी जात नसे.

माझं कुडाळच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडी. आईचे हात बघून मी यंत्र करायला घेतलं.

पहिलं यंत्र साध्या लोखंडाचं होतं. रसाने एका रात्रीत पातं काळं पडलं, आगळाला, म्हणजे रातांब्याच्या साठवणीच्या रसाला, लोखंडाचा वास आला आणि सगळं ओतून द्यावं लागलं. मग 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील आणलं. ते यंत्र चाललं, आणि आनंदाच्या भरात मी ते तालुक्यातल्या एका प्रदर्शनात मांडलं. तीन दिवस येईल त्याला झाकण उघडून आतली रचना समजावली, फोटो काढू दिले. पुढच्या हंगामात दुसऱ्या तालुक्यात हुबेहूब तसंच यंत्र विकायला आलं.

मुंबईच्या एका पेटंट एजंटांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "अर्ज करण्याआधी हे कुणी पाहिलंय का?" मी प्रदर्शनाचं सांगितलं. त्यांनी कागद मिटून ठेवला. जे एकदा लोकांसमोर उघड झालं ते कायद्याच्या दृष्टीने नवं राहत नाही. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात मांडलं असेल आणि त्यानंतर 12 महिन्यांच्या आत अर्ज केला, तर सवलत मिळते. आमचं प्रदर्शन तसलं नव्हतं. दोन वर्षांची मेहनत सगळ्यांची झाली होती आणि माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. तो परतीचा प्रवास मला अजून आठवतो. रत्नागिरी येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

पण त्या यंत्रात एक दोष राहिला होता, आणि त्यानेच आम्हाला पुढे नेलं. रातांबे एका मापाचे नसतात. एका झाडाचं फळ लिंबाएवढं, तर शेजारच्याचं त्याच्या दुप्पट. पातं घट्ट बसवलं की लहान फळाची नुसती साल खरचटते आणि मोठ्या फळाची बी कापली जाते. कापलेल्या बीचा चुरा आगळात उतरतो, आणि जिच्यापासून मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, काढायचं ती बीही वाया जाते. एका संध्याकाळी सायकलच्या ब्रेकची स्प्रिंग काढून मी पात्याच्या दांडीला लावली आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना नायलॉनच्या चकत्या बसवल्या. चकत्या फळाच्या अंगावरून फिरतात, स्प्रिंग दांडीला वर-खाली होऊ देते, आणि पातं चकतीच्या बाहेर सालीच्या जाडीपुरतंच डोकावतं. फळ कितीही लहानमोठं असो, काप सालीत थांबतो. पहिला रातांबा उघडला तेव्हा आतल्या बिया गरासकट अखंड होत्या. आईने त्या तळहातावर घेऊन मोजल्या.

या वेळी दार लावून काम केलं. वर्कशॉपमधल्या दोघा पोरांकडून गुप्ततेचा कागद लिहून घेतला. त्यांनाही तो पटला. हंगामाआधी तात्पुरत्या विवरणासह, म्हणजे शोधाचं सुरुवातीचं वर्णन देऊन, अर्ज टाकला. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी सरकारी फी 1600 रुपये होती. एजंटांची फी वेगळी आणि बरीच जास्त. त्या तारखेपासून पूर्ण विवरण द्यायला 12 महिने मिळतात. तेवढ्यात एक अख्खा मे महिना येतो, आणि आमच्या धंद्यात चाचणीला तेवढाच काळ असतो.

तपासणीत हरकत आली की स्प्रिंग जुनी, पातं जुनं, चकती जुनी, मग नवं काय? ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारी-शेजारी मांडल्या तर कायदा त्याला शोध मानत नाही, हे बरोबरच आहे. आम्ही उत्तरात दाखवलं की तिन्ही मिळून जे घडतं ते त्यातली एकटी कुठलीच करू शकत नाही. एकाच झाडाची फळं दोन्ही यंत्रांत टाकून फुटलेल्या बिया मोजल्या, तो तक्ता जोडला. पेटंट मिळालं. मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, नूतनीकरणाची फी भरत राहिलो तर.

मग गिऱ्हाइकं आली, पण यंत्राची नव्हे, पेटंटची. एका मोठ्या कंपनीने एकरकमी विकत मागितलं. रक्कम आमच्या घराने कधी पाहिली नव्हती एवढी होती. बाबांना सांगितलं. बाबांनी आयुष्यभर आंब्याची बाग सांभाळली. ते म्हणाले, "बाग इकतंस की करारान देतंस, ता आधी ठरय." मला सगळं तिथेच कळलं. पेटंट विकणं म्हणजे खरेदीखत. सातबाऱ्यावरून आपलं नाव जातं. लायसन्स म्हणजे बाग कराराने देणं. झाडं आपलीच, हंगाम त्याचा. मी कंपनीला विचारलं, यंत्र कधी बाजारात आणाल? उत्तर गुळमुळीत आलं. त्यांचं स्वतःचं जुनं यंत्र आधीच विकत होतं. आमचं पातं त्यांच्या कपाटात पडून राहिलं असतं आणि माझ्याच आईला मी ते करून देऊ शकलो नसतो. मी नाही म्हटलं.

वर्षभराने एका मध्यम कारखानदाराला लायसन्स दिलं. कराराने बाग देताना बाबा जे जे लिहून घेत, ते ते मी लिहून घेतलं. विजेवर चालणारं मोठं यंत्र तुम्ही करा, हाताने चालवायचं लहान यंत्र आमच्याकडे राहील. रॉयल्टी विक्रीच्या टक्क्यात नको, प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कम. कारण सूट देऊन किंमत कमी दाखवता येते. वर्षाला किमान एवढे पैसे द्यायचेच. सलग दोन हंगाम यंत्र केलं नाही तर हक्क परत. यंत्रात सुधारणा केली तर ती आम्हालाही वापरता यावी. असा करार लेखीच लागतो, आणि पेटंट कार्यालयात त्याची नोंद करावी लागते. ती नोंद मी पहिल्याच महिन्यात करून घेतली.

तरी दुसऱ्या वर्षी हिशेबात खोट निघाली. पाती आम्हीच पुरवत होतो. त्यांच्या गिऱ्हाइकांचे फोन पात्यांसाठी आमच्याकडे येत, आणि ज्यांचे फोन आले तेवढीसुद्धा यंत्रं त्यांच्या पत्रकात नव्हती. मी रागावलो, पण कोर्टात गेलो नाही. बसून बोललो, थकबाकी हप्त्यांनी घेतली. तेव्हापासून यंत्रावरची पाटी आमच्या वर्कशॉपमधून क्रमांक ठोकून जाते. पाटी नाही तर यंत्र बाहेर नाही.

लोक विचारतात, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, मग वेगळं पेटंट कशाला? जीआय इथल्या सगळ्या उत्पादकांचा असतो, तो कुणाला विकता येत नाही. तो फळाच्या नावाचं रक्षण करतो. फळ फोडणाऱ्या पात्याचं नाही.

आज वर्कशॉपमध्ये सहाजण आहेत. गेट-ग्रिल अजूनही करतो, कारण मे सोडून अकरा महिने पगार द्यायचे असतात. हातयंत्रं मुख्यतः बचत गट घेतात. गेल्या हंगामात एका गटातल्या काकी म्हणाल्या, "हात दुखतत रे बाबा, पायान चालात असा काय करशीत?" पायडलचं रेखाचित्र तयार आहे, लाकडी नमुनाही झालाय. काकींचे दोन फोन येऊन गेले. अर्जाचा क्रमांक हातात आला की त्याच दिवशी नमुना टेम्पोत घालून त्यांच्या खळ्यात नेणार आहे.